आमची वाटचाल : 'पहाट' आणि पुदिना

वाईत अत्तराचं दुकान चालणार नाही, असं वडिलांना सगळ्यांनी बजावलं होतं. चाललं. थंडीत हिना-शमामा, उन्हाळ्यात खस-मोगरा, दिवाळीला मागाल ते. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते 'पहाट' या आमच्या अत्तराबद्दल, कारण त्या नावाने बाजारात जे मिळतं ते आमचं नव्हे.

कार्तिकातली पहाट घ्या. कृष्णेवर धुकं, वाड्यात बंब पेटलेला. त्या वासात धूर असतो, ओली माती असते, अंगाला चोळलेलं तेल असतं. गार हवेत वास फारसा उडत नाही, म्हणून उडत्या वासांना मी हातच लावला नाही. तळाला चंदन, त्यावर नागरमोथा (धुराचं काम तो करतो), थोडा वाळा, त्याहून थोडी कपूरकाचरी. सगळं वजनावर. थेंब मोजून मिश्रण करणारे मला पटत नाहीत. प्रत्येक ड्रॉपरचा थेंब निराळा. मिलिग्रॅम दाखवणारा माझा काटा दुकानात दुसरं कुणी हाताळत नाही, बायकोसुद्धा.

धोमकडचे एक शेतकरी काका वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. पहिला फाया त्यांच्या कानात. म्हणाले, "ह्याला आमच्या गोठ्याकडल्या शेकोटीचा वास येतोय की रं," आणि दोन कुप्या घेऊन गेले.

मग मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याने भरपूर माल उधारीवर उचलला. दिवाळी उलटली तरी पैसे नाहीत. माल परत आला तो बुचं उघडलेला. पाठोपाठ त्याचा स्वतःचा स्प्रे आला, नाव 'पहाट', भाव निम्म्याहून कमी, आत पुदिन्याचं मेंथॉल आणि कापूर. थंडी म्हणजे पुदिना, एवढीच त्याची अक्कल! लोकांनी तोही घेतला. आमचं दुकान गहाण पडायची वेळ आली.

चंदनाचं तेल उधार कोण देतो? चंदन महागल्यापासून उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्येही, अत्तरांच्या त्या गावात, कितीतरी जण चंदनतेलाऐवजी पॅराफिनवर अत्तर उतरवू लागले. आमचे तिथले जुने डेगवाले मात्र चंदनावरच राहिले. तांब्याची डेग म्हणजे उकळायचा हंडा, झाकणाला चिकणमातीचा लेप, वाफ नेणारा बांबूचा चोंगा, अत्तर साठायला पाण्यात बसवलेला भपका. आच कमी-जास्त झाल्याचं ते नुसत्या हाताने ओळखतात. त्यांनी तेल पाठवलं, सोबत चिठ्ठी नाही, बिल नाही. फिटलं सगळं नंतर, पण व्याजाचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

जाता जाता सांगतो: अत्तर लावून मनगटावर मनगट घासू नका. प्लास्टिकच्या बाटलीत ठेवू नका. दुकानात पंख्याखाली उभं राहून पसंत करू नका. लावा, घरी जा, संध्याकाळी ठरवा.

गेल्या दिवाळीत एक बाई त्या व्यापाऱ्याचाच रिकामा स्प्रे घेऊन आल्या, म्हणाल्या, "भाऊ, हे भरून द्या." मी भरून दिला नाही. आमची सगळ्यात लहान कुपी दिली, पूर्ण भावाने.