हाताला आवडलेलं, कमरेला नकोसं

आज अख्खी सकाळ शूटिंग रेंजवर गेली. परवाना हातात आहे, आता रोज कपड्यांखाली वागवता येईल असं पिस्तूल निवडायचंय. मनात आधीच ठरवून गेले होते: सिग सॉअर पी३६५. २०१८ साली आलेलं, एवढंसं, तरी छोट्या मॅगझिनमध्ये १० गोळ्या.

शेजारीच ग्लॉक १९ ठेवलं होतं. दोन्ही ९ मिमीची. ग्लॉकमध्ये १५ गोळ्या, मूठ अशी की चारही बोटं नीट बसतात. त्याच्या गोळ्या एका जागी पडल्या. पी३६५ने मात्र मनगटाला चांगलाच हिसका दिला, करंगळी हवेत लोंबकळत राहिली आणि चौथ्या मॅगझिनपर्यंत मी ट्रिगर दाबायच्या आधीच दचकायला लागले. पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का जास्त, हे पाठ होतं. हाताला आज कळलं.

मग काय, ग्लॉकच घ्यायचं? रिकामं करून, दोनदा तपासून कमरेला लावलं, वाकले, खुर्चीत बसले. आरशात कुर्त्यातून मूठ साफ दिसत होती. मला वाटायचं लांब नळी लपवणं अवघड. ती तर आत निमूट बसते, चुगली करते ती मूठ!

होल्स्टर, म्हणजे कमरेला पिस्तूल अडकवायचं म्यान, मात्र ठरलं. ट्रिगर पूर्ण झाकणारं, टणक. मऊ कापडी पिशवीवजा काहीतरी दाखवत होते, हातही लावला नाही.

पिस्तूल अजून ठरलेलं नाही. पुढच्या खेपेला पी३६५ची लांब मूठवाली आवृत्ती चालवून बघणार. करंगळीची सोय झाली तर बरं.