दुपारचे राग

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ताईंसमोर, म्हणजे माझ्या गुरूंसमोर, मुलतानी राग गायला बसले होते. आलापाची चारपाच आवर्तने झाली असतील, तोच त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, तुझ्या मुलतानीत तोडी डोकावते आहे." विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत सूत्र बरोबर लिहून आकडेमोड मात्र दुसऱ्याच गणिताची केली, तर मला जे वाटते, तेच त्यांना वाटले असावे.

तोडी आणि मुलतानी या दोन रागांचे सातही स्वर एकच आहेत: रिषभ, गंधार व धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. रागांची थाटांत, म्हणजे स्वरगटांत, वर्गवारी करणाऱ्या भातखंड्यांनी मुलतानीला तोडी थाटातच बसवले आहे. (भातखंडे पेशाने वकील होते, हे आमच्यासारख्या नोकरदार गाणाऱ्यांनी अधूनमधून आठवावे.) फरक आहे तो चालीत. मुलतानीच्या आरोहात, म्हणजे स्वर चढत जाताना, रिषभ आणि धैवत वर्ज्य असतात. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरून षड्जावर येऊन मध्यमाचा स्पर्श घेत गंधारावर यायचे आणि तिथून पंचमावर विसावायचे. तोडीतला गंधार रिषभाकडे झुकतो, मुलतानीतला मध्यमाकडे. हे सगळे मला वहीत लिहून दाखवता येते, पण त्या दिवशी गळा मात्र गंधारावरून सवयीने रिषभाकडे ओघळत होता.

ही सवय कुठून आली, याचा विचार करताना मला माझे वेळापत्रकच समोर दिसू लागले. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. सकाळी साडेपाचला खर्जाची, म्हणजे खालच्या स्वरांची, मेहनत, मग भैरव किंवा अहिरभैरव, आणि डबा भरून होईपर्यंत वेळ उरलाच तर तोडी, तीही तिच्या वेळेच्या तासभर आधी. दहा ते पाच वर्ग आणि प्रात्यक्षिके. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर पूरिया धनाश्री, यमन, फार तर बिहाग. सारंगाचे प्रकार, भीमपलास, पटदीप, मधुवंती आणि मुलतानी हे राग ज्या वेळी गायचे, ती संपूर्ण दुपार मी फळ्यापुढे उभी असते. विशारदच्या परीक्षेला हे राग मी केलेले आहेत, त्यांतल्या बंदिशीही पाठ आहेत, पण बाहेर त्या रागाचे ऊन पडलेले असताना ते गाण्याची सवय गळ्याला कधी लागलीच नाही. वीस वर्षे नोकरी करणाऱ्या हौशी गायकाचा संग्रह ऐकला, तर तो मधोमध कुरतडलेला आढळेल, असा माझा अंदाज आहे.

'हौशी' या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सांत्वनाबद्दल. कोणी भेटले की गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांचे उदाहरण हमखास देते: सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी, भाभा अणुसंशोधन केंद्रातून जैवरसायनशास्त्रात पीएचडी, आणि तरीही केवढे गाणे! पण त्यांनी पुढे गाणेच निवडले. वसंतराव देशपांडे यांनी लष्करी हिशेब खात्यात अनेक वर्षे नोकरी केली आणि अखेर तीही सोडली. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या, विद्यापीठात अध्यापनही केले, पण शिकवला तो संगीत हाच विषय. मला त्यांच्यापेक्षा अरुण द्रविड यांचे उदाहरण जवळचे वाटते, कारण मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकर यांच्याकडची जयपूर घराण्याची तालीम त्यांनी रासायनिक अभियंता म्हणून काम करत असतानाच जपली. नोकरी न सोडताही गाता येते, हा पुरावा सोडून आलेल्यांकडून कसा मिळणार?

कागदोपत्री हिशेब तर सरळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आणि एकूण किमान ४० तासांचे काम असते. संगीत विषयाच्या अध्यापकासाठी आकाशवाणीने कलाकाराला दिलेली 'ए' श्रेणी पात्रतेत धरली जाते. संख्याशास्त्राच्या अध्यापकाने आकाशवाणीवर गायले, तर त्याला फक्त ना-हरकत पत्र लागते. मला ते पत्र मिळायला एकदा इतका उशीर झाला, की ध्वनिमुद्रणाची तारीख निघून गेली. त्याचा राग आता उरलेला नाही.

तासांपेक्षा कठीण प्रश्न गळ्याचा आहे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, वर तीन पंखे, बाहेर रस्ता. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचण्यासाठी आवाज आपोआप चढतो आणि तो पोटातून न येता गळ्यातून येऊ लागतो. मी पेटीच्या काळी चार पट्टीत गाते. लागोपाठ तीन तास घेतलेल्या दिवशी संध्याकाळी तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, षड्जाला नुसती हवा लागते, स्वर नंतर येतो. ध्वनिक्षेपक मागितला, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "मॅडम, आता वर्गातही मैफल का?" अशा दिवशी मी फक्त मंद्रात गुणगुणते आणि पेपर तपासायला घेते.

या वर्षी जूनमध्ये नवे वेळापत्रक हाती आले, तेव्हा शुक्रवारी दुपारी तीननंतरचा रकाना मोकळा दिसला. ती जागा कोणी भरण्याआधी मी विभागप्रमुखांना सांगून टाकले, की त्या वेळी मी प्रयोगशाळेत असेन. तिथे संगणक बंद असतात, खिडक्या पश्चिमेला आहेत आणि साडेतीनला पहिल्या बाकापर्यंत ऊन येते. मोबाईलमधला तानपुरा गणकयंत्रांच्या खोक्यावर ठेवते आणि मंद्र निषादापासून सुरुवात करते. पहिल्या महिन्यात मी ताना, बंदिश सगळे बाजूला ठेवले आणि फक्त निषाद, षड्ज, मध्यम, गंधार, पंचम एवढेच घेतले. साडेचारला शिपाईकाका कुलूप घेऊन येतात आणि दाराबाहेरच्या स्टुलावर बसून राहतात. परवा त्यांनी विचारले, "मॅडम, हे रोज एकच का म्हणता?" मी म्हटले, "काका, अजून बरोबर येत नाही म्हणून." मान हलवून ते दिवे बंद करायला आत आले.