साडेसात खोकी

गेल्या शुक्रवारी कलिन्याच्या विद्यापीठातली माझी खोली रिकामी केली. एकतीस वर्षांचे कागद साडेसात खोक्यांत मावले. उरलेल्या अर्ध्यात किटली आणि कप.

शिकवला युरोपचा इतिहास, पण जीव रमला पोर्तुगालमध्ये. माहेर वसईचं, किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये लपाछपी खेळून मोठी झाले. आजीला माझं काम कधी पटलं नाही. "फिरंग्यांना चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये हाकललं, तू कशाला परत आणतेस? पगार तरी देतात का त्याचा?" 'पगार' हा शब्दच फिरंग्यांचा, हे तिला सांगायची हिंमत झाली नाही. चावी आणि बटाटाही त्यांचाच, हे तर दूरच.

आधी मीही वसईच्या जुन्या जमीनमहसुलातच अडकले होते. मग १९७५चा एक फोटो हाती आला. लिस्बनला नदीकाठी सागरी शोधांचं स्मारक आहे, दगडी गलबतावर वास्को द गामा आणि मंडळी. फोटोत त्याच्या पायथ्याशी लाकडी खोक्यांचे ढीग: अंगोला, मोझांबिक या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहती सोडून आलेल्यांचे बांधलेले संसार. जेमतेम नव्वद लाखांच्या देशात पाच लाखांच्या आसपास माणसं येऊन पडली. कित्येकांनी तो देश आधी पाहिलाही नव्हता.

तिथून माझी वाट बदलली. युरोपने जगाला लोकशाही दिली, असं आपण परीक्षेत लिहितो. पोर्तुगालचं उलटं. आफ्रिकेत तीन आघाड्यांवर तेरा वर्षं लढून विटलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ला हुकूमशाही उलथवली. बरोबर वर्षाने निवडणूक, मतदान ९१ टक्क्यांहून जास्त. त्यातली गिनी-बिसाऊ या वसाहतीतली लढाई नसती तर ती सकाळ कधी उजाडली असती, कोण जाणे. हे मी दरवर्षी तावातावाने शिकवायचे (पोरं घड्याळ बघायची, ते सोडा).

आफ्रिकेतून आलेल्यांना पोर्तुगालमध्ये 'रेतोर्नादो' म्हणत, म्हणजे परतलेले. शब्द साधा, पण म्हणायची तऱ्हा शिवीची. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्याकडे 'भय्या' म्हणतात तसं?" वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही. तिचं आडनाव मिश्रा होतं.

खाली टेम्पोवाला खोकी उचलून बघत होता.

"पुस्तकंच ना, ताई? मग दोनशे जास्त लागतील."