कॅमेरा आडवा झाला की रेंडर रखडायचा

संगणकावर उभ्या केलेल्या गिरगावातल्या चाळीचा शॉट होता. पात्र गॅलरीतून पडतं आणि त्याच्यासोबत कॅमेराही ९० अंशांत कलंडतो. कॅमेरा सरळ असेपर्यंत रेंडरला, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र काढून घेताना, फ्रेम भराभर निघत. आडवा झाला की भिंत तीच, पिक्सेल तेवढेच, पण वेळ कितीतरी पट. अंधेरीच्या आमच्या स्टुडिओत ठपका लगेच टेक्स्चरवर, म्हणजे भिंतीवर चढवलेल्या चित्रावर आला: ४०९६ बाय ४०९६ ठिपके फार जड होतंय, निम्मं करा. ज्या मुलीने ते रंगवलं होतं तिने पावसाचे ओघळ, गजांखालचा गंज, सगळं हाताने काढलं होतं. निम्म्यावर त्यातलं बरंच पुसलं गेलं असतं. आणि मला ते कारणच पटेना. टेक्स्चर जड असेल तर सरळ फ्रेमही रखडायला हवी ना?

मी टेक्स्चरची फाइलच ९० अंशांत फिरवली, यूव्हीही, म्हणजे चित्राचा कुठला भाग भिंतीवर कुठे बसतो ते सांगणाऱ्या जागाही, तशाच फिरवल्या. चित्र तेच राहिलं, पण आता सरळ फ्रेम रखडली आणि आडवी पळाली! तिथेच चोर सापडला.

आमचा रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा प्रोग्रॅम, सीपीयूवर (संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर) चालतो आणि टेक्स्चर मेमरीत ओळीमागून ओळ असं ठेवायचा. एका टेक्सेलला, म्हणजे टेक्स्चरच्या एका ठिपक्याला, ४ बाइट, म्हणजे एक ओळ १६ केबी. उजवीकडचा टेक्सेल ४ बाइटवर, खालचा मात्र १६ केबी दूर. प्रोसेसर एका वेळी ६४ बाइट उचलतो, त्यात एकाच ओळीतले १६ टेक्सेल येतात. कॅमेरा आडवा झाला की टेक्स्चर ओळीने नाही, उभं वाचलं जातं, आणि असं उभं उतरताना त्यातला एखाददुसराच कामाला येतो. त्याहून वाईट म्हणजे, प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी म्हणजे एल-१ कॅशे; आमच्या मशीनची ती ३२ केबी, ८-वे, म्हणजे आठ-आठ जागांच्या संचांत विभागलेली, आणि तिच्यात १६ केबीच्या उडीवरचे सगळे पत्ते एकाच संचात पडतात. तिथे जागा आठच. नववा आला की आधीचा एक बाहेर. बाकीची कॅशे तशीच पडून.

"तुझ्या चाळीला जिनाच नाही," मी तिला म्हटलं. "वरच्या खोलीत जायला अख्खी गॅलरी चालावी लागते."

"म्हणजे माझं टेक्स्चर जड नाही?"

"नाही गं. आपण ते ठेवतोय चुकीचं."

मग टेक्स्चर ४ बाय ४ च्या चौकोनांत मांडलं. एक चौकोन बरोबर ६४ बाइटचा. चौकोनांचा क्रम एक्स आणि वायचे बिट एकाआड एक गुंफून ठरवला. ही १९६६ सालची मॉर्टनची युक्ती. जीपीयूही (ग्राफिक्सचे प्रोसेसर) टेक्स्चर असंच तुकड्यांत ठेवतात, पण त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, ते परस्पर करत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. सीपीयूवर ते आपणच लिहावं लागतं.

पत्ता काढायचं गणित थोडं वाढलं, त्यामुळे सरळ फ्रेम किंचित मंदावली. आडवी मात्र तिच्या बरोबरीला आली. जुनी आणि नवी फ्रेम एकमेकींतून वजा केली, फरक शून्य. ४०९६ चंच टेक्स्चर घेऊन पूर्ण शॉट रेंडरला लावला.