शिन्यांगाला सेवेसाठी जाताय? आधी तिथलं घड्याळ शिका

मी तीन महिने टांझानियातल्या शिन्यांगा भागात फुकट सेवेला जाऊन आलो. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून टांझानियाला याआधी कोणी गेलं नव्हतं, म्हणून परत आल्यापासून रोज एखादं पोरगं येऊन विचारतं, कसं जायचं, किती लागतात. सगळ्यांसाठी एकदाच लिहितो. पाठीवर ओझं घेऊन चालता येतं, मिळेल ते खाता येतं हे धरूनच चाललोय.

पहिले पैशाचं. मला पाठवणाऱ्या संस्थेनं राहण्याजेवणाचे म्हणून ९०० डॉलर घेतले. आई तेव्हाच म्हणाली होती, "फुकट काम करायला चालला न तू, मंग पैसे काहून देऊन रायला?" मी उलट तिलाच समजावत बसलो. तिथं गेल्यावर कळलं की ज्या घरी मी तीन महिने जेवलो त्या घराला त्यातला एक शिलिंग मिळाला नाही, शेवटी मी त्या माऊलीच्या हातात वेगळे पैसे ठेवले. वरून सांगितलेलं काय, तर ५० डॉलरचा टुरिस्ट व्हिसा काढ, चालतं. नाही चालत! तो फिरायचा व्हिसा आहे, तीन महिने सेवेचं काम करायचं तर तिथं राहायचा 'क्लास सी' नावाचा परवाना लागतो. तो हाती येईपर्यंत दोन आठवडे मी नुसता बसून होतो. परवान्याचं नाव न काढता आधी पैसे मागणाऱ्या संस्थेला सरळ नाही म्हणा.

आता घड्याळ. ह्याच्यावर मला राहून राहून संताप येतो कारण कोणीच सांगितलं नव्हतं. तिथल्या स्वाहिली भाषेत दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', म्हणजे एक वाजला. मला दार-एस-सलामला तिकीटवाल्यानं शिन्यांगाच्या बसची वेळ 'सा कुमी ना म्बिली' सांगितली, मी मोबाईलमध्ये पाहिलं, बारा, म्हणून साडेअकराला सामान घेऊन म्बेझीच्या मागुफुली बस टर्मिनलवर पोचलो, आणि बस पहाटे सहालाच निघून गेलेली. त्यांचे बारा म्हणजे आपले सहा. तिकीट बुडालं, दलालांनी घेरलं, दुसऱ्या दिवशीसाठी पुन्हा पूर्ण भाडं भरलं, वर सामानाचे पैसे वेगळे. त्या रात्री टर्मिनलजवळच्या लॉजवर मला घरी फोन करायचीही हिंमत झाली नाही. तर कोणी तोंडी वेळ सांगितली की त्यात सहा मिळवा, आणि तिकिटावर पेनानं आकडा लिहिला असेल तर विचारा की पहाटे का दुपारी. हे पाठ केल्याशिवाय मुंबई सोडू नका.

दार-एस-सलामहून मोरोगोरो, डोडोमा, सिंगिडा करत शिन्यांगा जवळपास हजार किलोमीटर आहे. आता डोडोमापर्यंत २०२४ पासून नवीन रेल्वे आहे, तिनंच जा. खरा त्रास शिन्यांगापासून गावापर्यंतच्या चाळीस किलोमीटरचा. एप्रिलमध्ये पाऊस चालू असतो आणि तिथं आपल्यासारखीच काळी माती आहे, तिला म्बुगा म्हणतात. मोटरसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल असा गच्च बसला की चाकच फिरेना, दर अर्ध्या किलोमीटरला उतरून काडीनं उकरायचं. पोचायला पाच तास लागले. पावसात जाऊच नका, जूनमध्ये जा.

बाकी दिवस चांगले गेले. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, सोबत राजमा नाहीतर माठाची भाजी, शाकाहारी माणसाचं भागतं. पिवळ्या तापाची लस निदान १० दिवस आधी घ्या, विमान अदिस अबाबावरून असेल तर भारतात येताना लसीचं कार्ड मागतात. कॅरीबॅग नेऊ नका, २०१९ पासून तिथं बंदी आहे. मोठ्यांना 'शिकामू' म्हणा, मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो', आपल्या पाया पडण्यासारखंच. लाखाला ते 'लाकी' म्हणतात, हिशोबाला 'हेसाबू'.

मी गेलो होतो कापसातलं शिकवायला. कापसाला तिथं 'पाम्बा' म्हणतात. बीटी नाही, सरी बैलांनी पाडलेली, वेचणाऱ्या बायांच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी पडलेल्या तशाच चिरा ज्या माझ्या आईच्या बोटांना आहेत. पेरणीचं त्यांना मी काय सांगणार होतो? पण तिसऱ्या आठवड्यात घरमालकाचा मुलगा अनवाणी, उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडाला फवारताना दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, ते दिवस मी पाहिलेत. मी धावत जाऊन पंप बंद करवला. मग रोज संध्याकाळी गावात बसून हेच सांगितलं, मोडक्यातोडक्या स्वाहिलीत आणि जास्त हातवारे करून: वारा पाठीशी ठेवा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तोंडाला फडकं बांधा, नोजल तोंडानं फुंकू नका, फवारल्यावर अंघोळ केल्याशिवाय भाकरीला हात नाही. माझं खरं काम तेवढंच झालं आणि ते शिकायला मला कोणाला ९०० डॉलर द्यायची गरज नव्हती, ते मी इथूनच घेऊन गेलो होतो.

तिथली वेचणी पाहून जुलैत परत आलो तर इथं डवरणी चालू. दुसऱ्या दिवशी शेतात गेलो, आमचा गडी पंप पाठीवर घेऊन उभा होता, तोंडाला काही नाही. गळ्यातला दुपट्टा काढून त्याला दिला.