आपण सगळे

श्रीलंकेच्या ट्रिपहून येऊन चार दिवस झाले, बॅग अजून अर्धीच रिकामी केलीये, आणि रात्री दीड वाजता मी एका फोटोतली डोकी मोजत बसलीये.

सीआरने वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला, सिगिरियाच्या खडकाच्या माथ्यावरचा. खाली लिहिलंय 'आपण सगळे', पुढे तीन हार्ट. त्यात मी नाहीये.

मी खाली होते, विटांनी बांधलेल्या सिंहाच्या पंजांपाशी. तिथपर्यंत नीट आले, चित्रांकडे जाणारा तो गोल जिनापण चढले, पण पंजांच्या मधून वर जाणाऱ्या लोखंडी पायऱ्या बघितल्या, कड्याला नुसत्या चिकटवल्यासारख्या, आणि पाय लटपटायलाच लागले. मॅम म्हणाल्या, बस बाळा इथेच. मग एकेक जण बॅग ठेवून गेला. अकरा बॅगा. 'लक्ष ठेव हं.' गांधीलमाश्या आहेत, आवाज करू नका अशी पाटी होती, म्हणून आईला फोनपण नाही केला. तासभर त्या विटांच्या पंजाकडे बघत बसले.

वर जाता आलं नाही त्याचं एवढं नाही वाटत. 'सगळे' लिहिलंय ना, ते लागलंय. बसमध्ये मॅम दर वेळी मोजायच्या, चोवीस झाल्याशिवाय ड्रायव्हरदादांना 'चला' म्हणायच्या नाहीत. माथ्यावर कुणीच मोजलं नाही? एकाला तरी वाटायला हवं होतं ना की अरे, ही कुठेय.

चढताना ती 'आरशाची भिंत' लागते, एकेकाळी आरशासारखी चकचकीत घोटलेली. हजार-बाराशे वर्षांपूर्वी वर चढून आलेल्या लोकांनी तिच्यावर कविता कोरून ठेवल्यात, पुरातत्त्वज्ञ परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून काढल्या. बऱ्याच जणांनी कवितेत स्वतःचं नावपण घातलंय, मी अमुक, मी लिहिलं. तेव्हा नुसती मान डोलावून पुढे गेले होते. आज दिवसभर तेच डोक्यात आहे.

कंदलमा मात्र माझं होतं. आर्किटेक्ट जेफ्री बावांनी ते अख्खं हॉटेल डोंगराला टेकवून ठेवलंय, वेलींनी झाकलेलं, आणि आत शिरताना खडक तसाच ठेवलाय, कापला नाही. मी तळहात लावून उभी राहिले, गार होता. स्केच काढत होते तर मॅम मागे येऊन नुसतं 'हं' म्हणाल्या. त्या 'हं'वर माझे पुढचे दोन दिवस मस्त गेले. कँडीत रात्री कोत्तु खाल्लं, म्हणजे तव्यावर बारीक चिरून परतलेली रोटी, तव्यावर त्या दोन पात्यांचा खडखडाट अजून कानात आहे. बाबांनी एफडी मोडली होती या ट्रिपसाठी, पण ते आत्ता नको.

परत झूम करून मोजलं. बावीस.

मी धरून चोवीस, मग तेवीस पाहिजेत. फोटो तर गाइडने काढलाय. हजेरीच्या क्रमाने एकेक चेहरा शोधत गेले तेव्हा लक्षात आलं, काडेपेटी नाहीये, आम्ही तिला हेच म्हणतो. सकाळी दांबुल्लाला तिला उलट्या झाल्या होत्या, इलेक्ट्रॉल मीच दिलं होतं, ती बसमध्येच झोपून राहिलेली. आणि गेले चार दिवस हा फोटो मी निदान वीस वेळा उघडलाय, फक्त स्वतःला शोधायला.

मेसेज केला, 'त्या फोटोत तूपण नाहीस ना गं.'

लगेच ब्लू टिक. 'नाही ना. पण तू वर गेली होतीस ना?'

नाही गं, म्हटलं.

मग तिने एक फोटो पाठवला. बसच्या धुळकट काचेतून काढलेला, झाडांच्या वर खडकाचा एक लाल तुकडा. खाली लिहिलं होतं, 'तेव्हा काढला होता. यात तू आहेस, वर कुठेतरी.'