दोन तास गाडीने, तीन तास डोंग्याने

नागपूरहून कुही, वेलतूर करत अंभोऱ्याच्या अलीकडे पोचायला आम्हाला दोन तास लागले. तिथून पाण्यापलीकडे डोळ्यांना दिसणाऱ्या मुक्कामाला जायला तीन.

गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमधलं एक टेकाड. वर चार झोपड्या, सौर दिवे, चुलीवरचं जेवण. धरण भरलं की टेकाडाचं बेट होतं, रस्ता पाण्याखाली जातो. मालकांनी फोनवर सगळं नीट सांगितलं होतं: चारच्या आत या, दिवस बुडाला की डोंगा सुटत नाही, पैसे रोख आणा, चाकांची बॅग नको. सांगायचं राहिलं ते एवढंच, की डोंगा कुठून सुटतो.

त्यांनी पाठवलेलं लोकेशन होतं मे महिन्यातलं. आम्ही गेलो डिसेंबरात. धरण पूर्ण भरलं की पाणी 245.5 मीटरच्या पातळीला असतं, उन्हाळ्यात बरंच खाली जातं, आणि डोंगा लागायची जागा पाण्याबरोबर सरकते. मॅप म्हणत होता, अजून 400 मीटर सरळ. समोर डांबरी रस्ता सरळ पाण्यात शिरलेला. पुढे तारा नसलेले विजेचे खांब एका रांगेत, कमरेपर्यंत बुडालेले. कुणाच्या तरी गावाकडे जाणारा रस्ता होता तो.

"सरळ जा," मॅपवाली बाई पुन्हा म्हणाली.

"तिला म्हणावं, आधी तू जा," मागच्या सीटवरून आई.

फोनला रेंज नाही. बकऱ्या चारणाऱ्या एका पोराने हात केला, "डोंगा तिकडं लागते आता, त्या मोहाच्या झाडापाशी." गाडी एका शेतकऱ्याच्या अंगणात लावली आणि तुरीतून अर्धा तास चाललो. म्हणून सांगतो, असल्या ठिकाणी जायचं तर लोकेशन मागू नका. निघायच्या दिवशी सकाळी फोन करून विचारा, "आज डोंगा कुठं आहे?"

डोंग्यात आधीच एक गॅस सिलिंडर, अंड्यांचे दोन ट्रे आणि कांद्याचं पोतं बसलेलं. लाइफ जॅकेट मिळाली, पण आईच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं. डोंगेवाल्याने नायलॉनच्या दोरीने दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या.

"माय, मधात बसा. हालू नका."

"मला पोहता येत नाही हो."

"मला येते ना जी."

निम्म्यात मोटर घुरघुरली आणि बंद. चहूकडे जलपर्णी, हिरवंगार शेत वाटावं अशी. त्याने मोटर उचलली, पंख्याला गुंडाळलेल्या मुळ्या विळ्याने कापल्या, मोटर सोडली. दहा हात गेलो की पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने मोटर वरच ठेवली आणि बांबू हाती घेतला. दूर अंभोऱ्याच्या नव्या केबल पुलाच्या मनोऱ्यात, उंचावरच्या गॅलरीत लोक उभे होते. त्यांच्या फोटोत आम्ही नक्कीच रमणीय दिसलो असू.

"एवढी कशी काय झाली हो ही?" मी विचारलं.

"तुमच्या नागपूरचीच किरपा." बांबू रोवत तो म्हणाला. "नाग नदी कन्हानात येते, कन्हान वैनगंगेत. सारं खत इथंच."

आम्ही राहतो नंदनवनात. नाग नदी घरापासून पायी दहा मिनिटांवर. आम्ही तिला नाला म्हणतो आणि पुलावरून जाताना काच वर करतो. मी काही बोललो नाही. आईने मात्र पाण्यावर टेकलेला हात हळूच आत घेतला आणि पदराला पुसला.

टेकाडाला लागलो तेव्हा अंधार पडला होता. कंदील घेऊन एक बाई खाली आल्या, आईचा हात धरून तिला चिखलातून वर नेलं आणि स्टीलचा पेला पुढे केला. आईने तो धरला, पण तोंडाला लावला नाही.

"कुठलं आहे हे पाणी?"

"बोरचं आहे, माय."

मग तिने एका दमात पेला रिकामा केला.